सिल्व्हिया ऑफ लॅम रोड, मुक्काम एकलहरे

१८ ऑक्टोबर १९८१, रविवार

फिजिक्सच्या या जर्नलमध्ये सहा प्रयोग लिहून झालेत, सातव्याचं नुसतं नाव आहे. पुढची सगळी पानं कोरी. कॉलेज सुटलं म्हणून वही काय फेकून द्यायची? बानूबाई म्हणतात, "जे वही ठेवते ते ब्रीडर. बाकी सगला कुत्रा पालनारा." तर आजपासून मी ब्रीडर.

बानूबाई म्हणजे देवळाली कॅम्पात लॅम रोडवर राहणारी पारशीण म्हातारी. बंगल्यात ती एकटी आणि सहा अल्सेशियन. कॉलेज सोडल्यावर तिच्या फाटकाला रंग द्यायला गेलो होतो, तो कुत्र्यांची घरं धुवायला तिथेच राहिलो. सहा महिन्यांनी तिने दोन वर्षांची सिल्व्हिया माझ्या हवाली केली, पण अटीवर. कुत्री एकलहऱ्याला आमच्या क्वार्टरात राहणार, तिच्या वंशावळीचे कागद बाईंकडे. पहिल्या वेतातली दोन पिल्लं त्या निवडून घेणार. वेत नीट पार पडलं की सिल्व्हिया कागदांसकट माझ्या नावावर. मग मला कुणी 'जयराम पगारेंचा तो कॉलेज सोडलेला' म्हणणार नाही.

आज कॅम्पात डॉग शो होता. सिल्व्हिया रिंगणात अशी धावली की पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. जजसाहेबांनी तिचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, "हँडलर कुत्रीपेक्षा जोरात पळतोय. दोघांत नंबर कुणाला द्यायचा?" लोक हसले. मी म्हणालो, "मग तुम्हीच पळून दाखवा."

दुसरा नंबर. बानूबाई परत येताना फियाटमध्ये एवढंच बोलल्या, "कुत्री नंबरात आला, तू रिंगच्या बाहेर गेला. डोका बर्फात ठेव, डिकरा."

२५ ऑक्टोबर

बाबांशी वाजलं. बाबा पॉवर स्टेशनात कोळशाच्या पट्ट्यावर फिटर आहेत. बानूबाईंनी सिल्व्हियाच्या वंशावळीची नक्कल दिली होती, ती त्यांनी चष्मा लावून वाचली. आई, बाप, आजे, पणजे, प्रत्येकाला नाव आणि नंबर.

"माझ्या आज्याचं नाव मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले, "त्याच्या बापाचं नाही. या बाईसाहेबांच्या मात्र पाच पिढ्या छापील."

"जातिवंत आहे ती."

"छप्पन साली आमच्या आईबापांनी जात टाकली. आता पोरगा कुत्र्यांच्या जातीचे दाखले गोळा करतोय."

माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "कुत्र्याची जात कामावरून ठरते. कुणी मेंढरं राखायचं, कुणी शिकार करायची."

"आमचीही तशीच ठरली होती म्हणायचे," बाबा म्हणाले आणि सायकल काढून ड्यूटीवर गेले.

त्यांना सिल्व्हियाचा मनापासून राग आहे. ड्यूटी सुटल्याचा भोंगा झाला की ती पुढच्या फाटकात जाऊन बसते, तेही खपत नाही. म्हणतात, कॉलनी बघते. हल्ली जेवणही कमी झालंय त्यांचं, डब्यात अर्धी भाकरी उरवतात. आणि डबा फाटकातच उघडून बघतात. एकेकाची सवय.

२ नोव्हेंबर

आज चंदाने अंड्यांच्या टरफलांची पुडी आणून दिली. अख्ख्या लाइनीतल्या घरांतून गोळा करून, भाजून, पाट्यावर वाटून. कुठेतरी वाचलं म्हणे की गाभण कुत्रीला चुना लागतो.

"अजून गाभण नाहीये ती," मी म्हणालो.

"मग होईल तेव्हा घाल. मी काय परत परत येणार नाही," ती म्हणाली. महिन्याभरातली ही तिसरी खेप.

चंदा म्हणजे स्टोअरमधल्या नाथा गांगुर्डेंची चंद्रभागा. आजीचं नाव ठेवलं म्हणून तिला राग येतो, सगळे चंदाच म्हणतात. नाशिकरोडला टायपिंगच्या क्लासला जाते आणि सव्वासहाच्या बसने येते. तिचं क्वार्टर पहिल्या स्टॉपजवळ आहे, पण ती आमच्या कोपऱ्यावरच्या दुसऱ्या स्टॉपला उतरते आणि मागे चालत जाते. चालायची आवड असावी. मी रोज पानाच्या टपरीआड उभा राहून बघतो. कॉलेज सोडलेल्या माणसाकडे ती कशाला बघेल? तिला कुत्र्यांची मात्र फार आवड दिसते. फक्त सिल्व्हिया जवळ आली की ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून भिंतीला चिकटते.

८ नोव्हेंबर, रविवार

सिल्व्हिया माजावर आली. पहिला दिवस. सायकल हाणत लॅम रोडला जाऊन सांगून आलो.

बानूबाईंनी बोटांवर मोजत नियम सांगितले. अकराव्या आणि तेराव्या दिवशी त्यांचा नर ब्रूनो. त्याआधी बंद, त्यानंतरही बंद, एकवीस दिवस पुरे होईतो. "माणसासारखा नाय. कुत्रीला एका वेलेला दोन बापाची पिल्ला राहते पोटात. मग सगला वेत गेला पाण्यात. दाराची कडी लावली का ते डोल्याने नाय बघायचा. ओढून बघायचा. दोनदा."

२० नोव्हेंबर

तेरावा दिवस. दोन्ही वेळा ब्रूनोशी व्यवस्थित झालं. बानूबाईंनी वहीत वेळ लिहायला लावली. मी आता जवळजवळ मालक.

२३ नोव्हेंबर, सोमवार

सोळावा दिवस. काय लिहू.

संध्याकाळी सहाला सिल्व्हियाला मागच्या अंगणात बांधायचं सोडून मोकळी ठेवली, मागच्या फाटकाची कडी नुसती सरकवली आणि स्टॉपवर गेलो. ते फाटक जरा उचलून धरल्याशिवाय कडी भोकात जात नाही, हे मला माहीत आहे. घाई होती. बस उशिरा आली. चंदा उतरली, टपरीकडे बघून न बघितल्यासारखं केलं, गेली. मी तरंगत घरी आलो.

फाटक सताड उघडं. अंगणात सिल्व्हिया आणि राख्या. एकमेकांत अडकलेले.

राख्या म्हणजे पॉवर स्टेशनच्या राखेच्या ढिगावर झोपणारा कॉलनीचा बेवारशी कुत्रा. मूळचा रंग कुणी पाहिलेला नाही. मी काठी उचलली आणि खाली टाकली, कारण तशा वेळी ओढाताण केली तर कुत्रीला इजा होते. पायरीवर बसून राहिलो. राख्या माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर लाज वगैरे काही नव्हती.

घरात कुणी नव्हतं. कुणाला सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर

बानूबाईंनी विचारलं, "एकवीस दिवस बंद ठेवला ने?" मी "हो" म्हणालो. एवढासा शब्द, पण लॅम रोडपासून घरापर्यंत सायकलच्या कॅरिअरवर बसून आला.

मनाशी म्हणतो, ब्रूनोचं आधीच राहिलं असेल. मागून आलेल्याला जागा उरली नसेल. तिकीट संपल्यावर थेटरात कोण सोडतं?

२१ जानेवारी १९८२

दुपारी बारा ते चार, सात पिल्लं. आईने सगळं केलं, मी नुसता फडकी देत होतो. माझ्या हातून पहिल्या पिल्लाची नाळ तोडवेना, तर आई म्हणाली, "सर बाजूला, तुला मी असंच काढलंय, दाईच्या आधी." बाबांची सुट्टी नव्हती, तरी तीनला घरी आले. म्हणाले, पट्टा बंद पडलाय. त्यांनी जुन्या पॅकिंगच्या फळ्यांचा एक पाट आणला, चारी बाजूंनी काठ असलेला, कोपरे घासून गुळगुळीत केलेले. म्हणाले, स्टोअरमध्ये पडला होता. बरोब्बर सिल्व्हियाच्या मापाचा निघाला.

सातही पिल्लं ओली, काळसर, उंदरांसारखी. सगळी सारखीच दिसतात. सुटलो!

१० फेब्रुवारी

सुटलो नाही.

पाच काळी-तपकिरी, रुंद पायांची, ब्रूनोची तोंडं. सहावं राखाडी. सातव्याच्या चारी पायांना पांढरे मोजे आणि शेपटी वर वळलेली. अल्सेशियनची शेपटी अशी वळत नाही. चंदा त्या मोजेवाल्याला मांडीवर घेऊन बसली होती, भीती कुठे गेली कोण जाणे.

"हा सगळ्यात गोड आहे," ती म्हणाली. "हाच असा वेगळा कसा?"

"असतो एखादा," मी म्हणालो.

"एखादा की दोन?" तिने राखाडीकडे बोट केलं. हिला टायपिंगऐवजी पोलिसात घ्यायला हवं.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आज बानूबाई वेत बघायला आल्या. त्या यायच्या आधी अर्धा तास मी राखाडी आणि मोजेवाला टोपलीत घालून चंदाकडे नेले. "बाईंना गर्दी आवडत नाही," म्हणालो. तिने टोपली घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल उलटी घालून परत आलो.

बानूबाईंनी एकेक पिल्लू उजेडात धरलं. खूश झाल्या. सायखेड्याचे खंडेराव, द्राक्षबागवाले, त्यांना मी एक कागदवालं पिल्लू कबूल केलंय, त्याचीही निवड झाली. मग पर्समधून पिल्लांच्या कागदांसाठीचा फॉर्म काढला. वेतातल्या पिल्लांची एकूण संख्या, आणि खाली: या काळात कुत्रीचा दुसऱ्या कोणत्याही नराशी संबंध आलेला नाही. सांभाळणाऱ्याची सही.

"आठ दिवसात देऊन जा. मग ही तुझी," असं म्हणून त्यांनी सिल्व्हियाच्या डोक्यावर हात ठेवला. सिल्व्हिया मात्र दाराकडे बघत होती. दोन पिल्लं कमी आहेत हे तिला मोजता येतं.

१५ फेब्रुवारी

फॉर्म या वहीत ठेवलाय. पाच तर ब्रूनोचीच आहेत, आंधळ्यालाही कळेल. पाच लिहायचं, सही करायची, संपलं. दोन पिल्लं कुणालाही देता येतील. दोन रात्री हेच घोकतोय.

संध्याकाळी बाबांनी वहीतून डोकावणारा फॉर्म पाहिला. "सही कसली?"

माझ्या तोंडून सगळं गेलं. फक्त स्टॉपचं सोडून. मला वाटलं, आता खेटर येणार. बाबा हाताला लागलेलं ग्रीस पुसत बसले.

"तुझ्या आज्याने जन्मभर अंगठा उठवला," ते म्हणाले. "कशावर उठवतोय हे त्याला कधी कळलं नाही. मी रात्रशाळेत सही शिकलो. तुला कळतंय कशावर करतोस ते. कर नाहीतर नको करू."

"कॉलेजच्या वेळी असं नाही म्हणालात, माफीपत्र लिही म्हणत होतात!"

"लॅबमधला स्टँड तू मोडला होतास ना?"

"त्या डेमॉन्स्ट्रेटरने म्हटलं, तुम्हा स्कॉलरशिपवाल्यांना फुकटच्या वस्तूची किंमत नसते. ते आधी, स्टँड नंतर."

हे मी त्यांना दीड वर्षात सांगितलंच नव्हतं. "मग तिथे नाही लिहिलंस ते बरं केलंस," बाबा म्हणाले. "इथे कुणी काय म्हटलं होतं?"

इथे कुणीच काही म्हटलं नव्हतं. कडी मीच लावली नव्हती.

१७ फेब्रुवारी

बानूबाईंना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून चंदाकडे गेलो. ती पायरीवर बसली होती, मोजेवाला तिच्या ओढणीत झोपलेला. राखाडी मी तेरा तारखेलाच परत आणला, हा मात्र 'अजून दमलाय' म्हणून तिने ठेवून घेतलाय. मी सांगायचं, तिने इंग्रजीत उतरवायचं आणि उद्या क्लासमध्ये टाइप करून आणायचं, असं ठरलं.

"'सोळाव्या दिवशी मागच्या फाटकाची कडी लागली नव्हती.' पुढे?" तिने पेन्सिल थांबवली. "का लागली नव्हती?"

"घाईत होतो."

"कसली घाई?"

"स्टॉपवर जायचं होतं."

"कुठली बस पकडायची होती?"

"कुठलीच नाही."

तिने मान वर केली नाही. पेन्सिलीचं टोक मात्र मोडलं. "हे वाक्य मला इंग्रजीत जमणार नाही," ती म्हणाली. "तेवढी जागा कोरी सोडते. तुझ्या हाताने मराठीत भर. आणि खरं भर."

कान लाल झाले होते तिचे. फार रागावली असणार. रागावणारच, कुणी रोज टपरीआडून बघतं म्हटल्यावर.

१९ फेब्रुवारी

पत्र, कोरा फॉर्म आणि राखाडी पिल्लू घेऊन लॅम रोडला गेलो. बानूबाईंनी व्हरांड्यात उभ्यानेच पत्र वाचलं. मराठी ओळीपाशी अडल्या. "आ शूं छे? वाच."

वाचावं लागलं. "सव्वासहाच्या बसने एक मुलगी उतरते, तिला बघायला गेलो होतो."

ब्रूनोसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

"आ टाइप कोणी केला?"

"तिनेच."

बानूबाईंनी कपाळाला हात लावला. "गधेडा," म्हणाल्या. का ते कळलं नाही. मग चेहरा दगडासारखा झाला. "माझ्या ब्रूनोच्या वेतावर डाग लावला तू. आणि तीन महिना माझ्याशी खोटा बोलला."

"पाच तर उघड उघड त्याचीच आहेत, बाई!"

"मला उघड नाय चालत. मला खरा पाहिजे. एका पन पिल्लाला कागद नाय, मला पन एक नको. दूध सुटला की सिल्व्हियाला इथे आनून सोड."

मी आवाज चढवायला तोंड उघडलं होतं. मग राखाडीने माझ्या शर्टाचं बटण चावायला घेतलं, आणि मी तोंड मिटलं. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

१४ मार्च, रविवार

खंडेराव मळ्यातून जीप घेऊन आले. मी त्यांना फाटकातच सांगितलं, कागद मिळणार नाहीत, बाप दोन असू शकतात.

"मंग?" ते म्हणाले. "म्या काय कागद बांधनार हाय का बागंत? चोर आला तर कागद भुकन का?" पिल्लांत पाय पसरून बसले आणि त्यांच्या कानामागे टाळी वाजवली. पाचही ब्रूनोवाली बिचकली. राखाडी उठून त्यांच्या बुटाशी भांडायला गेला. "ह्यो! ह्यो लय खट हाय. ह्योच दे."

कॉलनीतल्याच लोकांनी बाकीची चार नेली. पाचवं पॉवर स्टेशनच्या वॉच अँड वॉर्डमध्ये, पहारेकऱ्यांच्या खोलीत गेलं, ते बाबांनी ठरवलं. मोजेवाला चंदाकडे गेला तो गेलाच. तिची आई म्हणते, एक तर कुत्रा राहील नाहीतर मी. दोघंही राहताहेत.

संध्याकाळी सिल्व्हियाला लॅम रोडला सोडून आलो. वेतापासून तिच्या अंगाखाली असलेला टॉवेल तिच्याजवळ ठेवला. बाबांना काहीच वाटलेलं दिसत नाही. फक्त भोंगा झाल्यावर फाटकात पाच मिनिटं उभे होते, डबा हातात धरून.

३ एप्रिल

रोज लॅम रोडला जातो. बानूबाईंनी कामावरून काढलेलं नाही, पण बोलत नाहीत. मी घरं धुतो, कान पुसतो, ब्रूनोला डाव्या हाताला धरून चालवतो. हळू. सिल्व्हियाच्या पिंजऱ्यापाशी जायची मनाई आहे. ती जाळीतून नाक काढते, मी लांबून पाणी मारतो.

संध्याकाळी आता टपरीआड जात नाही. बघितलं जातंय हे तिला कळल्यावर बघणं म्हणजे चावटपणा. चंदा दोनदा फाटकावरून गेली, मोजेवाल्याला फिरवत. दोन्ही वेळा म्हणाली, "स्टॉपची टपरी बंद पडली की काय?" मी म्हणालो, नाही, चालू आहे. तिने मोजेवाल्यालाच "चल, शहाण्या" म्हटलं.

२४ मे, सोमवार

आज बानूबाई स्वतः बोलल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. सिल्व्हिया नीट खात नाही, टॉवेल कुणाला धुवू देत नाही, आणि आजच माजावर आलीय.

"या वेलेला लगन नाय," त्या म्हणाल्या. "तिला आराम. नुसती राखन. एकवीस दिवस तुझ्या घरी. माझ्या बंगल्यात सहा कुत्रा, मी म्हातारी. तू राखला तर पुढच्या वेलेला ब्रूनो, आनि मग कागद तुझा. नाय राखला तर माझा फाटक तुला बंद."

"या वेळी कडी..."

"बोलू नको. ओढून बघ."

फियाटमधून उतरल्यावर सिल्व्हिया मला ओलांडून थेट पुढच्या फाटकात जाऊन बसली. भोंग्याला अजून वीस मिनिटं होती. बाबा आले, तिला पाहिलं, म्हणाले, "आली का परत ही ब्याद." आणि डबा उघडला.

८ जून १९८२, मंगळवार

आज सोळावा दिवस. एकदाही घर सोडलेलं नाही. आई बाजार करते, बाबांनी मागच्या फाटकाची बिजागरी बदलली. आता कडी न उचलता भोकात जाते, तरी मी दिवसातून वीसदा ओढून बघतो. राख्या पलीकडे ढिगावर बसून असतो. आमची दोघांची चांगली ओळख झालीय.

सव्वासहाची बस कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज आला. मी अंगणात सिल्व्हियाला विंचरत होतो. मान वळली, पण उठलो नाही. फणीत गुंतलेले केस काढत राहिलो.

दोन मिनिटांनी मागची कडी हलली. राख्याच, म्हणून काठी घेऊन धावलो.

फाटकात चंदा उभी होती, टायपिंगचे कागद छातीशी धरून. मोजेवाला नव्हता.

"त्याला सकाळीच घरी बांधून आले," ती म्हणाली. "नर आहे ना. सोळावा दिवस चालू आहे."

"तुला कसं माहीत?"

"मोजता येतं मला." ती काठीकडे बघून म्हणाली, "मारणार आहेस?"

काठी खाली टाकली. तोंडातून तेच आलं जे दिवसभर घोकत असतो. "कडी लाव आधी."

तिने कागद माझ्या हातात दिले, वळली, कडी लावली, आणि दोनदा ओढून पाहिली. आतून.